सारवलेली भेग

आषाढात एखाद्या भर दुपारी आमच्या वसाहतीतले सगळे मोबाइल एकदम कोकलायला लागतात. कुणाचा उशाशी, कुणाचा फ्रिजवर, कुणाचा देवघरात समईशेजारी. रिंग नव्हे ती, भोंगाच. अतिवृष्टीचा इशारा. दरडीच्या भागातल्या लोकांनी सुरक्षित ठिकाणी जावं, अशी सरकारी सूचना उमटते. आम्ही आता सुरक्षित ठिकाणीच राहतो. सपाट माळ, सिमेंटचं जोतं, पाठीशी डोंगर नाही की पुढ्यात फुगणारा पऱ्या नाही. तरी तो भोंगा झाला की माझे पाय चपला शोधायला लागतात. मग मीच माझ्यावर खेकसते, "बस गो खाली. कुठं निघालीस?" फोन गप्प होतो. पाऊस पडवीच्या पत्र्यावर वाजत राहतो. आणि त्याच्या आतून मला दुसरा एक आवाज ऐकू येतो. ओल्या भुईवरून हात फिरल्याचा. सर्र, सर्र, आणि मधे जरा दम खाल्ल्याचा.

तो हात ज्यांचा, त्या आमच्या सासूबाई गेल्या थंडीत गेल्या. आवाज मात्र इथंच राहिलाय. वसाहतीत सगळीकडे फरशी आहे, इथं कोण कशाला सारवतंय? पण मला ऐकू येतो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची भीती वाटते.

देवरूखच्या मागे डोंगरात आमची वाडी. एसटी फाट्यापर्यंत, पुढे पाय. घरं डोंगराच्या कुशीत, खाली पऱ्या, म्हणजे ओढा, पऱ्यावर पायवाटेचा साकव आणि साकवाच्या पलीकडे शाळा. त्या वर्षी वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर गुरं घेऊन गेलेल्यांना जमिनीला चीर गेलेली दिसली. मग आमच्या घरात न्हाणीपासून ओटीपर्यंत एक भेग आली. केसाएवढी. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळ्याची तडकली असेल. पण पाऊस लागला तशी ती रुंदावत गेली. आधी दाणा मावेना, मग बोट मावायला लागलं. एके दिवशी तलाठीभाऊ छत्री सांभाळत आले, दारादारावर नोटीस डकवली, आणि संध्याकाळच्या आत आमची अख्खी वाडी बोचकी घेऊन साकव ओलांडून शाळेत आली. आमचे हे मुंबईला, एका सोसायटीत वॉचमन. फोनवर म्हणाले, "आईला सांभाळ." जसं काही आईच मला सांभाळत नव्हत्या!

शाळा पोरांअभावी बंद पडलेली. भिंतीवर अजून बाराखडी, बेडूक आणि 'हात धुवा' असं लिहिलेलं. वर्गाच्या मधोमध दोऱ्या बांधून आम्ही साड्या टाकल्या. झाली घरं. माझ्या निळ्या साडीपलीकडे सुलूताई, वाडीतली आमची शेजारीण, तीच इथंही शेजारीण. तिचा तोंडाचा पट्टा साडीने काय अडणार? तिकडे ती भाकरी थापायची आणि इकडे माझ्या आमटीला मीठ कमी असल्याचं सांगायची. संडास पोरांच्या मापाचे, गुडघे कानाला लागायचे. कुणी सुकट भाजली की सगळ्या साड्यांना वास, आणि मग कुणाची सुकट यावरून कुजबूज. हसायचोही आम्ही. माणूस कुठंही हसतं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

पण दुपारी, पावसाने जोर केला की, वर्ग एकदम गप्प व्हायचा. सगळ्यांचे कान पलीकडे डोंगराला लागायचे. शाळेच्या ओसरीवरून आमची घरं दिसायची. धूर नाही, माणूस नाही, दारं लोटलेली. रिकामं घर आपल्याकडे बघतं, हे मला तिथं कळलं. आपण वळून बसलो तरी पाठीवर त्याची नजर लागते. एकदा भर बारा वाजता मला आमच्या दाराची कडी वाजल्यासारखी ऐकू आली. एवढ्या लांबून, एवढ्या पावसात! मी दचकून सासूबाईंकडे बघितलं. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तूपन ऐकलंस?"

सरकारची मदत म्हणजे काय, ते त्या पावसाळ्यात समजलं. मदत येते, नाही असं नाही. तांदूळ आला, चादरी आल्या, डॉक्टरीणबाई आल्या, फोटो काढणारेही आले. पण प्रत्येक वेळी आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं. आधार दाखवा, घरपट्टी दाखवा, अंगठा लावा. सासूबाईंचा अंगठा काही केल्या उमटेना. देवरूखला सेतू केंद्रातली मुलगी बिचारी पदराने त्यांची बोटं पुसत होती, फुंकर मारत होती, दहाही बोटं लावून झाली. मशीन लाल ते लालच. "आजी, तुमच्या हाताला रेघाच नाहीत हो," ती म्हणाली. सासूबाईंनी स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघितले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. "जल्मभर सारवतंय बाय," त्या म्हणाल्या, "गेल्या आसतील झिजून." मग त्यांच्या नावाचा तांदूळ माझ्या अंगठ्यावर मिळायला लागला. फाट्यावर उतरल्यावर एवढंच बोलल्या, "म्हंजे मी नाय, असंच ना गो?"

"तसं नाही हो आई, मशीनला दिसत नाही एवढंच."

"त्येच त्ये," म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

रोज सकाळी पाऊस जरा कमी झाला की त्या शाळेतून नाहीशा व्हायच्या. कोंबड्यांना बघून येतंव, म्हणायच्या. कोंबड्या कधीच सुलूताईच्या भावाकडे पोचवलेल्या. मला ठाऊक होतं कुठं जातात ते. घर झाडायला. दोन काटक्या पेटवून चुलीला ऊब द्यायला. रागावायचे मी, तर उलट मलाच विचारायच्या, "तुला कुनी चार म्हैने बगितलं नाय, तर तुला कसा वाटंल?" घराबद्दल बोलतायत की स्वतःबद्दल, ते समजायचं नाही.

आणि मग पाहणीचा दिवस आला.

तालुक्याचे साहेब घरोघर बघणार, ज्या घराला धोका आहे ते यादीत घेणार, यादीतल्यांना माळावर पक्कं घर. बाकीच्यांनी पाऊस ओसरला की आपापल्या घरी जायचं, त्या डोंगराखाली, त्या चिरेखाली. एवढं साधं होतं सगळं. आमचा जीव त्या एका भेगेवर टांगलेला. साहेबांना साकवापासून मीच घेऊन निघाले. वाटेत माझी टकळी चालू, "न्हाणीपासून ओटीपर्यंत आहे साहेब, माझा हात जातो आत, बघाच तुम्ही." साहेब भला माणूस. चिखलात बूट रुततायत तरी हूं हूं करत येत होता. मागे तलाठीभाऊ, त्यांच्यामागे सुलूताई आणि निम्मी वाडी.

आमच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मला शेणाचा वास आला. ताज्या सारवणाचा.

दारात सासूबाई उभ्या, धुवट लुगडं नेसून, डोक्यावर पदर. उंबऱ्याला गेरू. उंबऱ्याच्या आत भुई अशी, की तोंड बघून घ्यावं! काळीभोर, गुळगुळीत, तिच्यावर हाताच्या अर्धगोल रेघा, एकीत एक बसवलेल्या. माजघरात पाट मांडलेला. पाटाभोवती रांगोळीची बारीक कणी. साहेबाने ते बघितलं आणि न सांगता बूट काढले.

"भेग कुठंय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनीच हसून सांगितलं, "बुजवली ना! सायेब येनार म्हटल्यावर भुय काय तशी दावायची? लाल माती, तूस, शेन, चांगलं दाबून भरलंय. बसा तुमी. वाळलंय."

मागे सुलूताईने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला आला.

मी काकुळतीला येऊन म्हणाले, "साहेब, बुजवली असं लिहा ना. भेग आहे, बुजवलेली आहे, असं." साहेबांनी भुईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, मला दिसेल ते लिहावं लागतं," म्हणाले. "बुजवलेल्या भेगेला रकाना नाही." तलाठीभाऊ खाली बघत होते. सासूबाईंनी पेल्यातून गुळाचा चहा आणला. साहेबांनी तो पाटावर बसून प्यायला आणि निघताना बोलले, "आजी, घर फार छान ठेवलंय तुम्ही."

झालं! पुढे कित्येक दिवस म्हातारी ते वाक्य शाळाभर सांगत फिरत होती. बूट काढले गो त्यांनी, न सांगता काढले. यादी लागली, तिच्यात सुलूताई होती, खालच्या आळीतले होते, आम्ही नव्हतो. तरी म्हातारीचं आपलं, बूट काढले. मला इतका संताप आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सुलूताई साडीपलीकडून म्हणाली, "तुमचं बरंय बाई, तुम्ही आपल्या आरशासारख्या घरात जा." टोमणाच तो, पण बोलताना तिचा आवाज फाटला. तिलाही ठाऊक होतं, आम्ही परत त्या डोंगराखाली गेलो तर काय होऊ शकतं ते.

आज विचार करते तेव्हा वाटतं, चूक कसली ती? माझी आईही असंच करती. पाहुणा येणार म्हणून फाटकी चादर घडीत लपवणारी, रडून झाल्यावर डोळे धुऊन दार उघडणारी माणसं आम्ही. आपलं तुटलेलं आहे ते परक्यापुढे मांडायचं, बोट घालून दाखवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आणि मदत मागायची तर पहिलं तेच करावं लागतं. हे समजेपर्यंत त्या बाईचं आयुष्य संपत आलेलं, आणि मी तिच्यावर रुसून बसलेली.

मी तालुक्याला खेटे घातले. या टेबलावरून त्या टेबलावर. जेवणाची सुट्टी, साहेब मीटिंगला, उद्या या. शेवटी तेच साहेब जिन्यात भेटले. ओळखलं त्यांनी. हळूच म्हणाले, "भूगर्भवाले पाहणीला येणार आहेत. तेव्हा तुमचं घर परत दाखवतो. पण ताई, भेग दिसू द्या."

भेग दिसू द्यायची म्हणजे काय करायचं? काहीच नाही. नुसतं सारवायचं नाही.

शाळेत येऊन मी सासूबाईंच्या पुढ्यात बसले. समजावलं. त्या ऐकत होत्या, हात मांडीवर. मग म्हणाल्या, "मी सारवलं नाय तर ती भुय मेली म्हनून समज."

"आई, भुई जगवायची की माणसं?" मी ओरडलेच.

पाऊस नव्हता, नुसती झाडं गळत होती. मग त्यांनी कनवटीची घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली. उठल्या, नळावर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले, घासून घासून. कुणाच्या मातीहून आल्यावर धुतात तसे.

त्यानंतर त्या साकवापलीकडे गेल्या नाहीत. कोंबड्यांचं नावही काढलं नाही. दुपारी शाळेच्या फरशीवर कुशीवर निजायच्या, आणि झोपेत त्यांचा उजवा हात हलायला लागायचा. फरशीवरून, अर्धगोल, सर्र. थांबायचा. थोडा मागे सरायचा. परत सर्र. मी शेजारी बसून बघायची. हात धरावा वाटायचा, पण धीर व्हायचा नाही. त्यांना जागं केलं असतं तर त्या कुठून उठून आल्या असत्या, कोण जाणे. पलीकडे घर आमच्याकडे बघत असायचं आणि इकडे ह्या झोपेत त्याला सारवत असायच्या. ते दिवस आठवले की आजही मला दुपारची झोप लागत नाही.

तिकडे भुईने वाट मोकळी करून घेतली. बुजवलेलं सगळं उकललं. भेग उंबऱ्यातून बाहेर पडली, अंगणातून तुळशीच्या मुळाशी गेली. घरात भेगेपलीकडची, उताराकडची भुई खचली.

भूगर्भवाले आले त्या दिवशी सासूबाई स्वतःहून माझ्याबरोबर निघाल्या. पण आत आल्या नाहीत. अंगणातल्या दगडी पाथरीवर बसल्या, घराकडे पाठ करून. तालुक्याचे साहेब दारात आले, सवयीने बूट काढायला वाकले. तर म्हातारी मागे न बघताच बोलली, "नको काडू सायेब. घालूनच जावा आत. आता ती भुय नाय."

ते वाकलेले तसेच थांबले. मग बूट घालून आत गेले. मी दाराशी तोंडात पदर कोंबून उभी. भेगेत टेप सोडून मापं घेतली, फोटो काढले, काय काय बोलले. आमचं घर राहण्यालायक नाही हे एकदाचं सिद्ध झालं. यादीत नाव आलं. मी हसले, रडले, फोन लावला. हे म्हणाले, "आई काय म्हणते?" मी वळून बघितलं. आई पाथरीवर बसल्या जागी नखाने माती उकरत होत्या.

डोंगर काही आला नाही. इतके पावसाळे झाले, तो उभाच आहे. लोक विचारतात, "मग उगाच उठवलं की काय तुम्हाला?" काय सांगायचं? कधी कधी माझ्या मनात येतं, आला असता तर बरं झालं असतं, निदान घर डोंगराने नेलं असं म्हणता आलं असतं. लगेच जीभ चावते. असं बोलू नये. पण मनात येतं ते येतंच.

माळावरच्या घरात सासूबाई पाहुण्यासारख्या राहिल्या. फरशी पुसायला त्यांनी कधी हात लावला नाही. तिला काय पुसायचा, म्हणायच्या, तिला आपला हात लागत नाय. फक्त पाऊस कमी झाला, भादव्याचं पिवळं ऊन पडलं, भाताला कणसं धरली, की विचारायच्या, "तिकडचं सारवलंस काय गो?"

"उघडीप पडू दे, आई. मग जाऊ," मी म्हणायची.

उघडीप पडायची. मग भात कापणी, मग दिवाळी, मग थंडी. जाणं झालं नाही. मीच टाळलं, मला त्या घराची भीती वाटायची. शेवटच्या आजारात तर त्या दिवसाआड विचारायला लागल्या. कधी मला, कधी भिंतीला. शेवटपर्यंत माझं तेच, उघडीप पडू दे.

या वर्षी भादव्यात उघडीप पडली आणि मी निघाले. सुलूताईच्या गोठ्यातून शेण मागून घेतलं, पिशवीत घातलं. "काय गो, माहेराला आहेर काय हा?" ती म्हणाली. मी कुठं जातेय ते सांगितल्यावर तिचं हसू गेलं. "एकटी नको जाऊस," म्हणाली. मी एकटीच गेले. मला एकदा सारवून मोकळं व्हायचं होतं. त्यांच्या शब्दातून आणि त्या आवाजातूनही.

साकव हलतो आता. अंगणात गवत कमरेएवढं. कुलूप उघडून कडी काढली, ती तशीच वाजली. जशी शाळेत ऐकू यायची, अगदी तशी. कौलं घसरली होती तिथून उजेड आत उतरला होता. भेग आता कोपरापर्यंत हात जाईल एवढी, तिच्यात नेचे उगवलेले. खालची बाजू वीतभर खचलेली. मी पदर खोचला, पिशवी उपडी करून खाली बसले आणि शेणाचा गोळा हातात घेतला.

चुलीजवळ, जिथं कौलं अजून शाबूत आहेत तिथं, भुई कोरडी होती. तिच्यावर रेघा होत्या. चार बोटांच्या, अर्धगोल. त्यांच्या शेवटच्या सारवणाच्या. एक गोल भेगेच्या काठापर्यंत आला होता आणि तिथं तुटला होता. पलीकडे, वीतभर खाली, त्याचाच उरलेला अर्धा. मी वाकून बघितलं. करंगळीच्या जागी जरा जास्त दाब, त्यांची करंगळी वाकडी होती. मशीनला दहा बोटांत जे सापडलं नव्हतं, ते सगळं इथं होतं.

मी माझी बोटं त्या रेघांत ठेवली. अलीकडून भेगेपर्यंत नेली. मग हात उचलून पलीकडे, खाली ठेवला आणि उरलेला गोल पुरा केला. सर्र असा आवाज झाला. माझ्याच हाताचा. रडायला आलं तशी मी मोठ्याने रडले, तिथं ऐकायला कोण होतं?

आता सारवायचं म्हणजे यावरूनच हात फिरवायचा.

गोळा तसाच परत आणला. वसाहतीत येऊन अबोलीच्या बुडात घातला. हात धुताना पत्र्यावर पाऊस परत सुरू झाला आणि त्यांनी विचारलंच, नेहमीसारखं, सारवलंस काय गो?

"नाही, आई," मी म्हणाले. "तुमचा हात आहे तिथं."